पैसे घेणाऱ्याची सही लागत नाही

घरातील जुनी वस्तू विकणे ही काही नवी गोष्ट नव्हे. दारावर येणारी बोहारीण जुन्या साड्या उलटसुलट करून पाहत असे आणि पातेल्याच्या आकारावरून घरच्या गृहिणीशी तासभर घासाघीस करीत असे. रद्दीवाला खांद्यावर तागडी टाकून येई. सायकल, शिवणयंत्र, रेडिओ अशा वस्तू ओळखीच्या कोणाच्या तरी शब्दावर या घरातून त्या घरात जात. या साऱ्या व्यवहारांना एक अलिखित नियम होता. एका हाताने पातेले आत आले की दुसऱ्या हाताने साड्या बाहेर जात. त्यात लबाडी होत नसे असे नाही. रद्दीवाल्याच्या तागडीविषयी प्रत्येक घरात संशय असेच. परंतु त्या लबाडीला मर्यादा होती. फार तर किलोभर रद्दी कमी भरे. विकणाऱ्याच्या कपाटातील पैशांपर्यंत रद्दीवाल्याचा हात पोहोचत नसे.

आज तो हात पोहोचतो, आणि ही बाब अजूनही अनेकांच्या ध्यानात आलेली नाही.

गेल्या दोन दशकांत जुन्या वस्तूंचा बाजार दारावरून संगणकावर आणि तेथून मोबाइलच्या पडद्यावर आला. सोफा, शीतकपाट, पाळणा, मुलाची लहान झालेली सायकल, या साऱ्यांची छायाचित्रे टाकली की घरबसल्या गिऱ्हाईक मिळते. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना ही सोय विशेष उपयोगी पडते. इंदूरहून नागपूरला, बडोद्याहून हैदराबादला, दिल्लीहून पुण्याला जाणाऱ्या कुटुंबाला सामान हलविण्याच्या खर्चापेक्षा ते विकून टाकणे परवडते. परक्या गावात ओळखीचे लोक थोडे असतात आणि हाताशी दिवसही थोडे असतात. ठगांना नेमका असाच विक्रेता हवा असतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये राजधानी दिल्लीत घडलेली एक घटना वृत्तपत्रांतून बरीच गाजली. एका सुशिक्षित तरुणीने घरातील जुना सोफा विकण्यासाठी ऑनलाइन जाहिरात दिली. खरेदीदार म्हणविणाऱ्याने प्रथम एक किरकोळ रक्कम तिच्या खात्यात जमा करून दाखविली. नंतर उरलेल्या पैशांसाठी म्हणून त्याने एक क्यूआर कोड पाठविला. तो स्कॅन करताच पैसे येण्याऐवजी गेले. चूक झाली, आता परत करतो, असे सांगून त्याने दुसरा कोड पाठविला, आणि पुन्हा पैसे गेले. सोफा घरातच राहिला आणि खात्यातून ३४,००० रुपये वजा झाले.

या घटनेत नवीन काही नव्हते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आर्थिक फसवणुकीच्या पद्धतींविषयी ग्राहकांसाठी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ऑनलाइन विक्रीच्या मंचांवरील फसवणूक हा तीत एक स्वतंत्र प्रकार म्हणून दिलेला आहे. खरेदीदाराचे सोंग घेणारे अनेक ठग आपण सैन्यदलात असून दूरच्या ठिकाणी नेमणुकीवर आहोत असे सांगतात, असेही तीत नमूद आहे.

या प्रकाराचा क्रम बहुधा ठरलेला असतो. जाहिरात लागल्यावर थोड्याच वेळात फोन येतो. बोलणारा अत्यंत नम्र असतो, हिंदीत ‘सर’, ‘मॅडम’ असे आदराने बोलतो. किमतीवर घासाघीस करीत नाही. वस्तू पाहायची गरज नाही, फोटो पुरेसे आहेत, असे म्हणतो. आपण लष्करात आहोत, छावणीतून बाहेर पडता येत नाही, वस्तू न्यायला माणूस येईल, असे सांगतो. खात्री पटावी म्हणून गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत पाठवितो; ती बनावट असतात किंवा दुसऱ्याच कोणाची असतात. मग ‘खाते बरोबर आहे का पाहतो’ असे म्हणून एक रुपया वा पाच रुपये पाठवितो. ते खरोखर येतात. विक्रेत्याचा जीव भांड्यात पडतो. त्यानंतर पूर्ण रकमेचा कोड येतो आणि त्यासोबत घाईही येते: ‘गाडी निघाली आहे, साहेब उभे आहेत, लवकर स्कॅन करा.’ पडद्यावर पिन मागितला जातो. विक्रेता तो टाकतो.

अशा घटनांवर बहुतेक ठिकाणी एकच उपदेश ऐकू येतो: ‘लोभ आवरा.’ दामदुप्पट योजना, सोडतीचे बक्षीस, परदेशी वारसा यांच्या बाबतीत हा उपदेश योग्यच आहे. परंतु जुना सोफा विकणाऱ्याचा लोभ तो कोणता? त्याने आपल्याच वस्तूची रास्त किंमत मागितलेली असते. त्याला कोणी अवाच्या सवा रक्कम देऊ केलेली नसते. बरेचदा तो वस्तू कमी किमतीतच देत असतो आणि ‘सैनिक आहेत, जाऊ द्या’ म्हणून आणखी थोडे कमी करीत असतो. येथे ठगाने ओळखलेल्या गोष्टी निराळ्या आहेत: लष्कराविषयीचा आदर, समोरच्याला ताटकळत ठेवू नये ही घरची शिकवण, आणि नव्या यंत्रणेविषयीचे अपुरे ज्ञान. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी दोष नव्हेत, आणि तिसरीवर उपाय आहे. लोभाची चर्चा करण्यात वेळ दवडला, तर तो उपाय मात्र सांगायचा राहून जातो.

आणखी एक कारण अधिक खोलवरचे आहे. कोणत्याही खरेदी-विक्रीत विकत घेणारा स्वभावतःच सावध असतो, कारण पैसे त्याच्या खिशातून जायचे असतात. विकणारा तुलनेने निश्चिंत असतो. पैसे येणार आहेत, फार तर येणार नाहीत आणि वस्तू घरातच राहील, असा त्याचा हिशेब असतो. शतकानुशतके हा हिशेब बरोबर होता. ठग या निश्चिंतपणाचा फायदा घेतो आणि विक्रेत्याला नकळत पैसे देणाऱ्याच्या जागी उभे करतो. सारी हातचलाखी एवढ्या एका अदलाबदलीत आहे.

ती ओळखण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. बँकेच्या शाखेत एकदा तरी गेलेल्या माणसाला ठाऊक असलेली एक जुनी गोष्ट पुरेशी आहे. काउंटरवर दोन प्रकारच्या स्लिपा असतात. एक पैसे भरण्याची, दुसरी पैसे काढण्याची. पैसे भरण्याच्या स्लिपवर खातेदाराची सही लागत नाही. मुलगा वडिलांच्या खात्यात भरतो, भाडेकरू घरमालकाच्या खात्यात भरतो. खातेदार त्या वेळी गावात नसला तरी अडत नाही. काढण्याच्या स्लिपवर मात्र खातेदाराची सही लागते आणि ती नमुना सहीशी ताडून पाहिल्याशिवाय रोखपाल नोट पुढे सरकवीत नाही. खात्यात पैसे येण्यासाठी खातेदाराची संमती लागत नाही. खात्यातून पैसे जाण्यासाठीच ती लागते.

यूपीआयचा पिन म्हणजे ही काढण्याच्या स्लिपवरची सही. २०१६ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली, स्लिपेचा कागद गेला, काउंटर गेले. सहीचा अर्थ मात्र तोच राहिला. व्यवहारासाठी जेव्हा पिन मागितला जातो तेव्हा पैसे जायचे असतात. क्यूआर कोडही तसाच आहे. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत पैसे कोणाला द्यायचे त्याचा पत्ता असतो, कधी रक्कमही असते. तो स्कॅन करणारा हा नेहमी देणारा असतो. याची खात्री रोजच्या बाजारात पटते. भाजीवालीच्या टोपलीपाशी कोड लावलेला असतो आणि स्कॅन गिऱ्हाईक करते. मेथीच्या जुडीचे वीस रुपये घेण्यासाठी भाजीवाली कधी गिऱ्हाइकाचा कोड स्कॅन करीत नाही की पिन टाकीत नाही. ती जुडी पिशवीत टाकते आणि पैसे जमा झाल्याचा आवाज ऐकते. जुना सोफा विकणारा माणूस त्या घटकेला भाजीवालीच्या जागी असतो. त्याने तिच्याइतकेच करावे.

ही एक गोष्ट मनात पक्की बसली तर ठगाच्या कथेतील लष्कर, छावणी, गाडी, साहेब हे सारे आपोआप निरर्थक ठरते. कथा खरी की खोटी हे तपासण्याची गरजच उरत नाही. खरा सैनिक असला तरी त्याला पैसे देण्यासाठी विक्रेत्याच्या पिनची आवश्यकता नसते.

यंत्रणाही या बाबतीत स्वस्थ बसलेली नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवायची आणि तिने पिन टाकून ती मान्य करायची, अशी एक सोय पूर्वी होती. ‘पैसे मिळवण्यासाठी मान्य करा’ असे सांगून ठगांनी तिचा भरपूर गैरवापर केला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. एक दार बंद झाले ही समाधानाची बाब आहे. तथापि कोडचे दार उघडेच आहे, कारण ते बंद केले तर भाजीवालीचाही व्यवहार बंद पडेल. नियमांनी जेवढे होण्यासारखे आहे तेवढे झाल्यावर उरलेले काम ग्राहकाच्या समजुतीनेच व्हायचे असते.

याच ठगीची आणखी काही रूपे आहेत. पहिले रूप खोट्या संदेशाचे. ‘आपल्या खात्यात १२,००० रुपये जमा’ असा संदेश येतो. तो बँकेकडून आलेला नसून ठगाने स्वतःच्या मोबाइलवरून लिहून पाठविलेला असतो. पाठोपाठ फोन येतो: ‘चुकून एक शून्य जास्त पडले, बाराशेच द्यायचे होते, उरलेले परत करा.’ प्रामाणिक माणूस अस्वस्थ होतो आणि न आलेले पैसे परत करतो. पैसे पाठविल्याचे छायाचित्र दाखवून वस्तू उचलून नेण्याचा प्रकारही याच जातीचा. संदेश आणि छायाचित्र ही जमेची नोंद नव्हे. जमेची नोंद बँकेच्या वहीत होते. ती बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहून वा पासबुक भरून घेऊनच कळते.

दुसरे रूप मदतीचे. ‘तुम्हाला जमत नसेल तर हे ॲप घ्या, मी सांगतो’ असे म्हणून ठग असे ॲप घ्यायला लावतो की ज्यामुळे विक्रेत्याच्या मोबाइलचा पडदा त्याला दूर बसून दिसतो. अशा ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. परक्या माणसाच्या सांगण्यावरून मोबाइलमध्ये काहीही बसविणे म्हणजे कपाटाची किल्ली करायला अनोळखी माणसाला आत घेऊन आपण बाहेर उभे राहणे होय.

तिसरे रूप सर्वांत कमी परिचित आहे. यात पैसे खरेच येतात, पूर्ण येतात, आणि वस्तूही जाते. काही दिवसांनी विक्रेत्याचे खाते गोठविले जाते. झालेले असे असते की ठगाने दुसऱ्याच कोणाला फसवून त्याच्याकडून विक्रेत्याच्या खात्यात पैसे भरवलेले असतात. त्या दुसऱ्याच्या तक्रारीचा माग थेट निरपराध विक्रेत्याच्या खात्यापर्यंत येतो. म्हणून वस्तू नेणारा एक आणि पैसे पाठविणारा दुसराच, असे दिसले तर व्यवहार थांबविणे शहाणपणाचे. जाहिरातीची प्रत, झालेले संभाषण आणि वस्तू नेणाऱ्याने सही केलेली पावती जपून ठेवली तर वेळप्रसंगी खुलासा करता येतो.

एवढ्या साऱ्यातून विक्रेत्याने पाळायचे नियम मोजकेच निघतात. वस्तू पाहायला माणूस प्रत्यक्ष यावा आणि घरात दुसरे कोणी असताना यावा. पैसे रोख घ्यावेत, अथवा विक्रेत्याने आपला कोड दाखवावा आणि घेणाऱ्याने तो समोर उभा राहून स्कॅन करावा. खात्यातील शिल्लक पाहिल्यावरच वस्तू दाराबाहेर जाऊ द्यावी. आगाऊ रक्कम, वाहतूक खर्च, नोंदणी शुल्क अशा कोणत्याही नावाने विक्रेत्याने काही देऊ नये. मोबाइलमधील पैशांच्या ॲपची भाषा मराठी करता येत असेल तर ती अवश्य करून घ्यावी, विशेषतः ज्येष्ठांनी. भीम ॲपमध्ये ती सोय आहे. पडद्यावरचे इंग्रजी वाक्य न वाचता पुढे जाणारा माणूस मराठी वाक्यापाशी थबकण्याची शक्यता अधिक. आणि ज्या व्यवहारात फार घाई केली जाते तो व्यवहार दुसऱ्या दिवसावर ढकलावा. खरे गिऱ्हाईक एक रात्र थांबते.

हे सर्व सांगूनही फसवणुका होतील. प्रश्न उरतो तो त्यानंतरच्या तासाचा, आणि तेथे ग्राहक व बँकेचा कर्मचारी या दोघांनाही आपली सवय बदलावी लागेल.

फसलेल्या माणसाची पहिली भावना बहुधा लाजेची असते. ‘एवढे शिकून आपण असे कसे केले?’ हा प्रश्न त्याला घेरतो. तो पत्नीला सांगत नाही, मुलाला सांगत नाही. निवृत्त माणूस तर विशेष लपवितो, कारण घरातले व्यवहार अजून आपल्याला जमतात हा त्याचा मान त्यात गुंतलेला असतो. रात्र जाते, रविवार जातो. तोवर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन कोठेतरी रोखीने काढला जातो. चोराने नेलेली रक्कम परत मिळण्याची जी काही आशा असते ती या लाजेपायी संपते.

वास्तविक १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक यासाठीच आहे. त्यावर कळविताच तक्रार संबंधित बँकांकडे जाते आणि ज्या खात्यात पैसा त्या घटकेला असेल तेथे तो रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. ऑगस्ट २०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. सोबत आपल्या बँकेलाही लगेच कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक महत्त्वाचे तत्त्व घालून दिले. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. स्वतः पिन टाकून गेलेली रक्कम नियमावर बोट ठेवून परत मिळविणे कठीण असते, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. म्हणूनच कळविण्याचा वेग हाच त्याचा खरा आधार ठरतो.

आता काउंटरच्या अलीकडची बाजू. घाबरलेला ग्राहक शाखेत येतो, हातात मोबाइल धरून झाला प्रकार सांगतो, आणि त्याला उत्तर मिळते: ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ वाक्य खरे असते. परंतु त्या घटकेला ते निरुपयोगी असते आणि पुढच्या वेळी त्याने शाखेकडे येऊच नये अशी व्यवस्था करणारे असते. कोणी म्हणेल की ग्राहकाला त्याची चूक दाखविली नाही तर तो शिकणार कसा? चूक त्याला खात्याच्या शिल्लकेने दाखविलेलीच असते. अपघात झालेल्या माणसाला प्रथम रुग्णालयात नेतात. रस्ता कसा ओलांडावा हे नंतर सांगतात. कर्मचाऱ्याने प्रथम १९३० लावून द्यावा, खात्यातून आणखी पैसे जाणार नाहीत अशी व्यवस्था करावी, व्यवहाराचा क्रमांक लिहून द्यावा. दहा मिनिटांचे हे काम आहे. दोन स्लिपांची गोष्ट त्यानंतर सांगावी, आणि तीही हलक्या आवाजात, रांगेतील इतरांना ऐकू जाणार नाही अशी.

बँकेचा व्यवसाय विश्वासावर चालतो असे नेहमी म्हटले जाते. ठगाचाही विश्वासावरच चालतो. फरक इतकाच की ठग विश्वास संपादन करून नाहीसा होतो आणि बँकेला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दार उघडून बसायचे असते. फसलेला ग्राहक ज्या दारात पहिल्यांदा आणि न लाजता येतो, ती बँक त्याची. आणि जो ग्राहक जुना सोफा विकताना कोड आलेला पाहून शांतपणे ‘पैसे घ्यायला माझी सही लागत नाही’ एवढेच म्हणतो आणि फोन ठेवतो, त्याला त्या दारात धावत येण्याची वेळच येत नाही.